बेटावरची धग

माझ्या थोरल्या भावाला डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितलं, तेव्हा तो अगदी हिरमुसला. "बारा वर्षं चहात साखर घेतली नाही, गोळी चुकवली नाही. मग माझं चुकलं कुठं?" त्याच्या प्रश्नामागे मी पुस्तकं धुंडाळली, डॉक्टरमित्रांना छळलं. एका कवीला उमगलं तेवढं सांगतो.

जठरामागच्या स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानं ते १८६९ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हणून ती लँगरहान्सची बेटं. त्यांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात.

आता दाह म्हणजे काय? बोटात काटा मोडला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. शरीराच्या रक्षक पेशी तिथं धावून आलेल्या असतात. काम झालं की दाह निवतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र हे राखणदार बीटा पेशींनाच चोर समजून मारतात.

भावाचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. इथं आग भडकत नाही, ओल्या लाकडासारखी धुमसते. पोटातल्या जादा चरबीतून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. इन्सुलिनचा असर मंदावतो, म्हणून बीटा पेशींना जास्त राबावं लागतं. त्यात वाढलेल्या साखरेचा आणि चरबीचा मारा. मग बेटावरच 'इंटरल्यूकिन-१ बीटा' नावाचं रसायन तयार होऊ लागतं. त्यानं पेशी मंदावतात, काही मरतात. साखर आणखी चढते आणि धग वाढते.

हा नुसता तर्क नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना या रसायनाची वाट अडवणारं औषध १३ आठवडे दिलं. त्यांची साखर उतरली, बीटा पेशींचं काम सुधारलं. पण हुरळू नका. पुढं त्याच जातीचं दुसरं औषध हजारो लोकांना काही वर्षं देऊनही नव्यानं होणारा मधुमेह टळला नाही. दाह हे एक कारण आहे, एकटं नव्हे.

मला दिलासा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सगळ्या बीटा पेशी मरत नाहीत. काही दमून नुसत्या मुक्या होतात. आजार नवा असताना वजन चांगलं उतरवलं, किंवा थोडे दिवस इन्सुलिन देऊन त्यांना विसावा दिला, तर त्यांतल्या काही पुन्हा कामाला लागतात. बारा वर्षांनंतर ते अवघड.

भावाला हे सारं सांगितलं. "म्हणजे ही सुई शिक्षा नव्हे तर," तो म्हणाला. जरा थांबून त्यानं विचारलं, "आणि ईदचा शीरखुर्मा?"

"ते डॉक्टरांना विचार."