दुसरा गाल आणि इतर ऐकीव गोष्टी

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे 11 लाख भरली. शंभरात एकही पुरता नाही. त्यामुळे नागपूरजवळच्या कोराडीसारख्या गावात या धर्माची ओळख बहुतेकांना होते ती हिंदी सिनेमातून, नाहीतर नाताळच्या केकबरोबर. मग ऐकीव गोष्टीच खऱ्या वाटू लागतात.

गैरसमज : एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, म्हणजे मुकाट मार खा.

सगळ्यात जास्त थट्टा या शिकवणीची होते आणि सगळ्यात कमी वाचली जाते तीही हीच. मत्तयाच्या शुभवर्तमानात खास उजव्या गालाचा उल्लेख आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हात उलटाच पडतो. अशी चपराक इजेपेक्षा अपमानासाठी असते, असं अनेक अभ्यासक म्हणतात. दुसरा गाल पुढे करणारा माणूस पळत नाही, उलट मारतही नाही. ‘माझा अपमान तुझ्या हातात नाही’ एवढं तो दाखवून देतो. स्वतः येशूला चौकशीच्या वेळी शिपायाने मारलं, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारतोस का, असा सरळ सवाल त्याने केला. योहानाच्या 18 व्या अध्यायात तो प्रसंग आहे.

म्हणून नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बाईला हे वचन ऐकवणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे. तिने पोलिसांत जाणं या शिकवणीविरुद्ध नाही. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टोमणा मारला आणि त्याला दुप्पट टोमणा लिहायला बोटं शिवशिवली, तर मात्र ही शिकवण नेमकी तिथे लागू पडते. तिथेच ती सर्वात जड जाते.

गैरसमज : पाद्र्याकडे कबुली दिली की पाप धुतलं, पुन्हा करायला मोकळे.

एक तर पाद्र्यासमोर कबुलीची प्रथा मुख्यतः कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळींत आहे. बहुतेक प्रोटेस्टंट थेट देवापुढे कबुली देतात. दुसरं म्हणजे कॅथलिक शिकवणीतही खरा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि झालेल्या नुकसानीची भरपाई हे सगळं अपेक्षित असतं. लूकने सांगितलेल्या गोष्टीतला जक्कय हा जकातदारांचा मुखिया. येशू घरी आल्यावर, फसवून घेतलेलं चौपट परत करीन, असं तो म्हणाला. बिल फुगवणाऱ्या कंत्राटदाराला हा हिशेब नुसत्या कबुलीपेक्षा बराच महाग पडेल!

गैरसमज : ख्रिस्ती माणसाला रविवारी कामाची सक्त मनाई.

कोराडीचं वीजकेंद्र रविवारी बंद ठेवता येत नाही. विश्रांतीचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही, अशी येशूची भूमिका मार्कने नोंदवली आहे. कॅथलिकांना रविवारच्या मिस्साऐवजी शनिवारी संध्याकाळचा मिस्सा चालतो. शिफ्ट किंवा आजारपणासारखं खरंच कारण असेल तर सूटही आहे.

गैरसमज : हा इंग्रजांनी आणलेला धर्म.

केरळातले ख्रिस्ती इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीपासूनचे. आपल्याकडे फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज खरे, पण ते पोर्तुगीज गोव्यात राहिले. त्यांचं ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 चं. ईस्ट इंडिया कंपनी तर 1813 पर्यंत मिशनऱ्यांना आपल्या मुलखात सहजासहजी येऊ देत नव्हती. धर्मावरून दंगा झाला तर व्यापार बुडेल ही तिची भीती.

नागपूरकरांना आणखी जवळचा दाखला आहे. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचले आणि तिथेच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि ख्रिस्ती कीर्तनंही केली. धर्म बदलला म्हणून त्यांना ना मराठी सोडावी लागली, ना टाळ.

टिळकांना गुंतवणारं ते प्रवचन मत्तयाच्या 5 ते 7 या तीन अध्यायांत आहे. वाचायला अर्धा तासही लागत नाही. मत बनवायचंच असेल तर आधी ते वाचा, मग हवा तेवढा वाद घाला.