पूर्वेचे विमान आणि रातपाळी

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरून कुणी ना कुणी पाळीवर जाते? दुर्गापूर किंवा घुग्घुसची कोळसा खाण, चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूरचे सिमेंट कारखाने. आपल्या जिल्ह्यात असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. रातपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला अंथरुणावर पडतो. अंग थकलेले असते, पण झोप लागत नाही. दुपारी पानावर बसतो तर भूक नसते. आणि रात्री कामावर असताना मात्र तीन-साडेतीनला डोळे आपोआप मिटू लागतात.

आता दुसरा माणूस पाहा. तो न्यूयॉर्कहून विमानाने मुंबईला उतरला आणि रेल्वेने बल्लारपूरला, आपल्या घरी आला. रात्री दोन वाजता तो टक्क जागा असतो, दुपारी बोलता बोलता पेंगतो, भल्या पहाटे त्याला जेवणाची भूक लागते. एक जण साडेबारा हजार किलोमीटर उडून आला, दुसरा सायकलवरून चार किलोमीटर. दुखणे मात्र एकच! विमानाच्या प्रवाशाच्या दुखण्याला ‘जेट लॅग’ असे नाव आहे. आपल्याकडे कसलीही बाधा होते, तशी ही वेळेची बाधा. वेळबाधा म्हणा हवे तर.

ती का होते हे समजायला आधी थोडे गणित करू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, किंवा ४ मिनिटांना एक अंश. (भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि चंद्रपूर सुमारे ७९.३ अंशांवर. म्हणून आपला सूर्य आपल्या घड्याळापेक्षा १३ मिनिटे मागे चालतो. मुंबईचा तर जवळजवळ ३९ मिनिटे.) विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे; चंद्रपूरच्या अक्षांशावर, म्हणजे २० अंशांवर, तो सुमारे ३७,६०० किलोमीटर भरतो. २४ ने भागा. आपल्या पायाखालची जमीन ताशी सुमारे १,५६७ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे! याच अक्षांशावरून ताशी ९०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाणारे विमान सूर्याला तेवढेच लवकर सामोरे जाते. उड्डाणाच्या प्रत्येक तासाला स्थानिक वेळ आणखी ३४ मिनिटांनी पुढे सरकते. विमानातल्या माणसाची बारा तासांची रात्र साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात उरकते.

जुन्या काळी ही बाधा कुणाला ठाऊक नव्हती, कारण एवढा वेगच नव्हता. आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. दोन्ही बंदरांच्या स्थानिक वेळांत पावणेअकरा तासांहून थोडे अधिक अंतर आहे. प्रवास ५८ दिवसांचा. भागाकार करून पाहा, दिवसाला जेमतेम ११ मिनिटे! एवढा फरक शरीर सहज पचवते. तोच फरक एका दिवसात पडला की त्याला पेलत नाही.

पण शरीराला कुठले आले घड्याळ? आहे, आणि ते साऱ्या सजीवांत आहे. पावसाळ्यात तुमच्या शाळेच्या वाटेवर उगवणारा तरोटा पाहा. संध्याकाळी त्याची पाने मिटतात, सकाळी उघडतात. चिंचेचेही तसेच, सिकंदराच्या स्वारीतल्या अँड्रोस्थेनिसने चिंचेच्या पानांचे हे वागणे सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले होते. तुम्ही म्हणाल, ऊन आले की पाने उघडतात, त्यात काय? १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाने मिटणारी अशीच वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. ऊन नसतानाही तिची पाने वेळेवर उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे ऊन हे घड्याळ नव्हे, घड्याळ वनस्पतीच्या आतच आहे. आपल्याकडे मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेत राहणाऱ्या वटवाघळांच्या अशाच घड्याळावर पुष्कळ काम केले. २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्या हॉल, रोसबाश आणि यंग यांनी फळमाशीच्या पेशींत हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते ते दाखवून दिले.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत असते. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंचा जिथे छेद होतो, त्याच्या बरोबर वर सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तेच हे घड्याळ. झोप, भूक, शरीराचे तापमान, अंतःस्राव या सर्वांचे वेळापत्रक ते ठरवते. तापमान संध्याकाळी सर्वांत जास्त असते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी. या पहाटेच्या वेळेला आपण ‘तळ’ म्हणू. हा शब्द लक्षात ठेवा, पुढची सारी युक्ती त्याच्यावर बेतलेली आहे.

या घड्याळाची एक खोड अशी की ते नेमके २४ तासांचे नाही. माणसांना सूर्य आणि घड्याळ यांपासून दूर ठेवून केलेल्या काटेकोर मोजणीत ते सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटांचे भरले. म्हणजे ते जरा मागे पडणारे घड्याळ आहे, आणि रोज उजेड त्याला ठीक लावून देतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज काही वेगळ्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. निळसर उजेडाला त्या विशेष जागतात आणि ‘दिवस झाला’ असा निरोप थेट त्या पुंजक्याला पोहोचवतात.

आता खरी गंमत ऐका. उजेडाचा परिणाम तो केव्हा मिळतो यावर अवलंबून असतो. तळाच्या आधीच्या काही तासांत, म्हणजे संध्याकाळी उशिरा किंवा रात्री, प्रखर उजेड मिळाला तर घड्याळ मागे जाते. दुसऱ्या दिवशी झोपही उशिरा येते आणि जागही. तळ ओलांडल्यावर तोच उजेड मिळाला तर घड्याळ पुढे जाते. परीक्षेच्या दिवसांत रात्री एकपर्यंत दिव्याखाली किंवा मोबाइलसमोर बसणाऱ्याला सकाळी उठवत का नाही, हे तुम्हांला यावरून कळेल.

मूळचे मागे पडणारे घड्याळ मागे सरकवणे सोपे, पुढे ढकलणे अवघड. म्हणूनच पश्चिमेचा प्रवास सोसतो आणि पूर्वेचा जाचतो. जर्मनीचे युर्गेन आशॉफ यांच्या मोजमापांत पश्चिमेकडे गेलेल्यांचे घड्याळ दिवसाला सरासरी ९२ मिनिटे सरकले, तर पूर्वेकडे गेलेल्यांचे अवघे ५७ मिनिटे.

समजा, तुमची निवड जपानमधल्या एखाद्या स्पर्धेसाठी झाली. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रोज दहाला झोपून सहाला उठणाऱ्या मुलीचा तळ पहाटे चारला असेल, तर टोकियोत उतरल्यावर पहिल्या सकाळी तो साडेसातला येईल. जूनमध्ये टोकियोचा सूर्य साडेचारच्याही आधी उगवतो. ‘आता इथल्यासारखेच वागायचे’ अशा उत्साहाने ती पाचलाच फिरायला निघाली तर काय होईल? तिच्या शरीराच्या लेखी तेव्हा रात्रीचा दीड वाजला आहे. तो उजेड तळाच्या आधीचा. घड्याळ पुढे जाण्याऐवजी मागेच जाणार! तिने पडदे ओढून साडेसात-आठपर्यंत पडून राहावे आणि मग भरपूर उन्हात हिंडावे. दुसऱ्या दिवशी तासभर आधी, तिसऱ्या दिवशी त्याच्याही आधी. याहून चांगला मार्ग म्हणजे निघण्यापूर्वी तीन दिवस घरीच रोज तासभर लवकर झोपणे, तासभर लवकर उठणे आणि उठताच भरपूर उजेडात बसणे. स्पर्धेच्या दिवशी पेंगण्यापेक्षा घरचे तीन दिवस नऊला, आठला, सातला दिवा मालवणे केव्हाही स्वस्त.

न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. फरक साडेनऊ तासांचा. त्याचा चारचा तळ इथे दुपारी दीडला येतो. पहिल्या दिवशी त्याने सकाळ घरात, मंद उजेडात काढावी आणि दोननंतर बाहेर पडावे. आपण मात्र प्रेमाने त्याला सकाळी सातलाच शेत दाखवायला नेतो! पुढे साडेनऊ तास सरकायचे तर दिवसाला ५७ मिनिटे या हिशेबाने दहा दिवस लागतात. पण उलट्या दिशेने, साडेचौदा तास मागे सरकूनही तिथेच पोहोचता येते. त्याला दिवसाला ९२ मिनिटे धरून साडेनऊ दिवस. हिशेब जवळपास सारखाच! म्हणूनच फार लांबच्या प्रवासात काहींचे घड्याळ पुढून जाते, काहींचे मागून फिरून येते, आणि एकाच विमानातून आलेली दोन भावंडे वेगवेगळ्या वेळी पेंगतात.

जेवण तिथल्या वेळेला घ्यावे. यकृतासारख्या अवयवांचीही आपापली लहान घड्याळे असतात आणि ती जेवणावर चालतात. चहा-कॉफी झोपेच्या पाच-सहा तास आधीच थांबवावी. मेलाटोनिन नावाच्या गोळ्या मोठी माणसे घेतात. हा अंतःस्राव रात्री मेंदूतच तयार होत असतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. चुकीच्या वेळी घेतलेली गोळीही घड्याळ चुकीकडे नेते.

आता पाळीकडे वळू. सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १० आणि रात्री १० ते ६ अशा तीन पाळ्या धरा. एका आठवड्यात रातपाळी, पुढच्यात दुपारची, त्यानंतर सकाळची असा क्रम असेल, तर दर आठवड्याला कामाची वेळ ८ तास अलीकडे येते. ८ तास म्हणजे १२० अंश पूर्वेकडे. चंद्रपूरहून मोजा, तुम्ही हवाई बेटांच्या आसपास पोहोचाल. क्रम उलटा, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र असा असेल, तर तोच प्रवास पश्चिमेकडे, साधारण रिओ द जानेरोपर्यंत! अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या पूर्वेच्या क्रमाने फिरत असत. संशोधकांच्या सल्ल्याने तो क्रम उलटा केला आणि पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलू लागली. कामगारांच्या तक्रारी घटल्या, प्रकृती सुधारली आणि उत्पादनही वाढले. १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. क्रम बदलायला नवे यंत्र लागत नाही, फक्त फळ्यावरचा तक्ता बदलावा लागतो. माझ्या मते प्रत्येक पाळीच्या ठिकाणी हे तपासून पाहायला हवे.

तरीही विमानाचा प्रवासी सुदैवी. हवाईला उतरलेल्याला हवाईचा सूर्य मिळतो, तोच त्याचे घड्याळ लावून देतो. रातपाळीवाल्याच्या डोक्यावर चंद्रपूरचाच सूर्य असतो. रात्रभर जागून तो सकाळी सहाला बाहेर पडतो. त्याचे घड्याळ अजून दिवसपाळीचेच असेल, तर तळ नुकताच सरलेला असतो. वाटेतला लख्ख उजेड ते घड्याळ रातपाळीशी जुळू देत नाही, उलट दिवसाकडे ओढतो. त्यामुळे त्याचा प्रवास कधी संपतच नाही. आणि तळाच्या सुमारास, पहाटे तीन ते पाच, लक्ष सर्वांत ढिले असते. उघड्या खाणीत डंपर त्या वेळीही धावतच असतात.

ही गोष्ट कारखान्यापुरती नाही. कृषिपंपाची वीज आपल्या भागात कित्येक वर्षे आठवड्याच्या चक्राने कधी दिवसा, कधी रात्री येत आली. ज्या आठवड्यात ती रात्री येई, त्या आठवड्यात धानाच्या बांधीत पाणी सोडायला शेतकऱ्याला रात्रीच जावे लागे, तेही जंगलाच्या कडेने, वाघाच्या मुलखात. सावधपणा सर्वांत जास्त हवा तेव्हाच तो शरीराजवळ सर्वांत कमी असतो. शेतकरी दिवसाची वीज मागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

घरच्यांना मात्र पुष्कळ करता येते. रातपाळीहून येणाऱ्याने वाटेत काळा चष्मा लावावा, पण स्वतः गाडी चालवत नसेल तरच. डोळ्यांवर झोप असेल तर मोटारसायकल नकोच, कंपनीच्या बसने यावे. त्याच्या झोपण्याच्या खोलीत जाड पडदा लावा, नाही तर खिडकीला काळा कागद चिकटवा. साध्या पातळ पडद्यातून उजेड चांगलाच आत येतो. कामावर निघण्यापूर्वी त्याला तासभर झोपू द्या. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या खोलीशेजारी क्रिकेट खेळताना एवढे ध्यानात असू द्या, की त्याच्या झोपेच्या हिशेबात तेव्हा मध्यरात्र चालू असते.