समुद्राच्या कुशीत तहान कशाला?

चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही लक्षद्वीपची कहाणी. ३६ बेटे, वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक अनुसूचित जमातीची माणसे! नदी नाही. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर; तो जास्त उपसला की विहिरीत खारे पाणी शिरते.

२००५ साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने कवरत्ती बेटावर या प्रश्नाचे उत्तर समुद्रातच शोधले. वरचे पाणी सुमारे २८ अंश, साडेतीनशे मीटर खालचे साधारण १३ अंश. कोमट पाण्याची निर्वात टाकीत वाफ करायची, खालच्या थंड पाण्याने ती निववायची, की गोडे पाणी तयार. दिवसाला १ लाख लिटर! २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे प्रकल्प झाले.

पण पंपांना लागणारी वीज? ती मुख्यतः डिझेलची. डिझेल येते समुद्र ओलांडून जहाजाने. पावसाळ्यात समुद्र खवळला की वाहतूक अडते. म्हणजे पाणी समुद्राचे, पण तोटीची चावी डिझेलच्या हाती!

तापमानाच्या याच फरकावर वीजही तयार होते. १९८१ साली नाउरू या छोट्या बेटावर जपान्यांनी ती करून दाखवली. पण तयार झालेल्या विजेचा मोठा भाग पंपांनीच खाल्ला. हा दोष आम्ही लपवत नाही. तरी कवरत्तीवर ६५ किलोवॉटचा प्रकल्प हाती घेतला गेला, कारण गोडे पाणी करणारे यंत्र स्वतःच्या विजेवर चालले तरी बेटाची अर्धी लढाई जिंकली.

'हे महाग आहे,' असे हिशेबी लोक म्हणतील. मग बेटावर डिझेल पोचवण्याचा खर्चही त्याच वहीत मांडा! वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न बाबासाहेबांनी मजूर खात्याचे मंत्री असताना १९४३ मध्येच देशापुढे ठेवला होता. थोड्या वस्तीच्या बेटावर नफा पाहणारा भांडवलदार जाणार नाही. तिथे सरकारनेच गेले पाहिजे.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत. संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी येते, असे न्यायालयांनी मानले आहे. तेव्हा बेटावरच्या माणसाला पाणी देणे ही मेहेरबानी नव्हे. ते यंत्र चालवायला त्याच बेटाची मुले-मुली शिकली पाहिजेत, जागा घेताना तिथल्या लोकांना विचारले पाहिजे. नाहीतर समुद्र त्यांचा, वीज सरकारची आणि निर्णय तिसऱ्याचाच, असे व्हायचे!