थंड घडाईचा माल : चकाकी वंगणावर ठरते

नट-बोल्टचा व्यापार करणारे आपले बंधू माल हातात घेतात, चकाकी पाहतात आणि भाव बोलतात. ही चकाकी येते कोठून? आम्ही पडलो कापडवाले. पण या हुन्नरात आम्हाला ओळखीची गोष्ट दिसते. खळ न देता सूत मागावर चढवले तर ताणा तुटतो. तसेच वंगणाचा थर न देता पोलाद डायमध्ये घातले तर ते ओरबाडले जाते.

कोल्ड फोर्जिंगमध्ये पोलाद भट्टीत तापवत नाहीत. पंच आणि डायच्या दाबानेच त्याला आकार देतात. या दाबाखाली धातू पसरतो, आतला कोरा धातू वर येतो आणि डायला चिकटू पाहतो. साधे तेल येथे टिकत नाही, बाजूला सरकते. १९३० च्या दशकात जर्मनीत फॉस्फेटचा थर देण्याची युक्ती निघाली, तेव्हा कुठे पोलादाची थंड घडाई कारखान्यात रुळली.

रीत अशी : आधी तेल-मळ काढायचा, आम्लात गंज उतरवायचा आणि माल धुवायचा. मग झिंक फॉस्फेटच्या टाकीत बुडवायचा, पुन्हा धुवायचा आणि सुमारे ७० ते ८० अंशांच्या साबणाच्या पाण्यात सोडायचा. फॉस्फेटचे बारीक स्फटिक पोलादाला घट्ट धरतात आणि साबण त्यांत मुरतो. फारच मोठा आकारबदल असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात.

वंगण कमी पडले की मालावर लांब ओरखडे उठतात, धातूचे कण डायला चिकटतात आणि पुढचा प्रत्येक नग बिघडतो. म्हणून काहीजण वंगण सढळ हाताने ओततात. तेही नुकसानीचेच! जादा वंगण डायच्या कोपऱ्यात अडकते, कड भरत नाही आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, निस्तेज होतो. पातळ आणि सारखा थर असेल तरच डायची घोटाई मालावर उतरते.

आणखी एक इशारा. १२.९ दर्जाच्या बोल्टवरचा फॉस्फेट उष्णता-प्रक्रियेपूर्वी काढावाच लागतो. नाहीतर त्यातला फॉस्फरस पोलादात शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होण्याचा धोका राहतो. कापडाचीही खळ रंगाईआधी धुतात, तसेच हे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी चकाकीबरोबर ओरखडे आणि कडाही तपासाव्यात. कारागीर बंधूंनी टाकीचे तापमान आणि धुलाई रोज पाहावी. साबणात वाचवलेले चार पैसे डाय बदलताना दामदुपटीने जातात.