एक गाव, अनेक राज्ये

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी नावाचे गाव आहे. समजा, १९४० साली या गावात एक मुलगा जन्मला. तो हैदराबाद संस्थानचा रहिवासी. सोळाव्या वर्षी तो मुंबई राज्यात गेला, विसाव्या वर्षी महाराष्ट्रात आणि एकेचाळिसाव्या वर्षी नव्या जिल्ह्यात. गंमत अशी, की यासाठी त्याला घराचा उंबरठाही ओलांडावा लागला नाही. असे कसे झाले?

मराठी बोलणारे लोक पूर्वी एका राज्यात नव्हते. मुंबई, पुणे, कोकण इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते. नागपूर व वऱ्हाड मध्य प्रांतात होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथील सरकारी कारभार उर्दूत चाले. नाणेही वेगळे होते, त्याला हाली सिक्का म्हणत. नोटांवर मात्र उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड अक्षरेही असत, कारण प्रजा या सर्व भाषा बोलणारी होती.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद बाहेर राहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याच्या पाच दिवसांच्या कारवाईनंतर, ते भारतात सामील झाले. तो काळ फार कठीण होता. आधी रझाकारांच्या जुलमात आणि नंतर सूडाच्या भरात, दोन्ही समाजांतील निरपराध माणसांचे प्राण गेले. हे विसरून इतिहास वाचता येत नाही.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलुगू भाग आंध्र प्रदेशाला, कन्नड भाग म्हैसूरला आणि मराठवाडा मुंबई राज्याला मिळाला. विदर्भही त्याच दिवशी मुंबई राज्यात आला. पण त्या राज्यात गुजरातही होता. म्हणून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालूच राहिली. तिच्यात शंभराहून अधिक लोकांनी प्राण दिले. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बरोबर एकवीस वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, जालना जिल्हा झाला.

इंग्लंडही असेच हळूहळू जुळले. तेथे अँग्लो-सॅक्सन लोकांची अनेक छोटी राज्ये होती. समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंगांनी त्यांतली बरीचशी जिंकली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड टिकून राहिला. त्याचा नातू ॲथेलस्टन याने ९२७ साली उत्तरेकडील यॉर्क घेतले आणि वेल्सच्या राजांनी त्याचे वर्चस्व मान्य केले. वेल्स कायद्याने इंग्लंडला जोडला गेला तो मात्र १५३६ साली. म्हणजे सहाशे वर्षे लागली! आपल्याकडे हे काम तलवारीपेक्षा चळवळीने आणि कायद्याने जास्त झाले, असे मला वाटते.

राज्य बदलले तरी जुने कागद राहतात. २०२३ साली अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले. त्यानंतर सरकारने निजामकाळातील जुन्या नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली. त्या नोंदी पुष्कळ ठिकाणी उर्दू व मोडी लिपीत निघाल्या. अर्ज, जमीन, तालुका, वसूल हे तुमच्या घरातले शब्द त्या दप्तरांत पानोपानी आहेत. आज त्यांवरून शेतकऱ्यांच्या पणजोबांची नावे शोधली जातात आणि त्यासाठी उर्दू वाचणाऱ्यांना बोलवावे लागते.