गोल्फ कार्ट कॅम्पला नेताय? आधी विम्याचे कागद काढा!

मंडळी, आमच्या घरात गोल्फ खेळणारे कुणीही नाही. तरीसुद्धा चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट विकत घेतली. कारण माझे सासरे. दर उन्हाळ्यात ते साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येतात आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात आम्ही हंगामभरासाठी घेतलेल्या कॅम्पच्या जागेवर चांगले रमतात. पण तिथली आंघोळीची खोली पाव मैलावर, आणि तीही चढावर. गुडघे कुरकुरू लागल्यावर "सूनबाई, मी आपला इथे खुर्चीतच बरा," असे ते म्हणू लागले, तेव्हा आम्ही कार्ट घ्यायचे ठरवले.

भाड्याच्या ट्रेलरवर ती चढवून मोठ्या थाटात कॅम्पग्राउंडच्या फाटकापाशी पोचलो, तर तिथल्या बाईंनी विचारले, "कार्टच्या विम्याचा दाखला?" ह्यांनी हसून सांगितले, "घराचा विमा आहे ना!" बाई हसल्या नाहीत. कार्ट तीन दिवस ट्रेलरवरच उभी राहिली आणि सासरे काठी टेकत चढ चढले. त्या तीन दिवसांत फोनवर जे शिकलो, ते आपल्या मंडळातल्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखप्रपंच.

घराचा विमा कुठे थांबतो?

अमेरिकेतल्या घराच्या नेहमीच्या पॉलिसीत स्वतःच्या गोल्फ कार्टमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी, म्हणजे लायबिलिटी, ठरावीक ठिकाणीच उचललेली असते. एक, गोल्फच्या मैदानावर. दोन, घरमालकांच्या असोसिएशनच्या अखत्यारीतील ज्या खाजगी वसाहतीत आपले घर आहे, तिथे. तीन, सर्वसाधारणपणे आपल्या स्वतःच्या आवारात. घरापासून दोन तासांवरचे कॅम्पग्राउंड यांपैकी कशातच बसत नाही.

शिवाय कार्ट चोरीला गेली किंवा जळाली तर? घरातल्या सामानाच्या विम्यातून मोटारवाहने बहुधा वगळलेली असतात, त्यामुळे तिथेही हात रिकामेच.

मग मोटारीचा विमा? त्यातही मुख्यतः सार्वजनिक रस्त्याबाहेर चालवण्यासाठी बनवलेली वाहने सहसा वगळलेली असतात. गंमत अशी, की भाड्याने घेतलेल्या, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या, गोल्फ कार्टला पुष्कळ मोटार पॉलिसींच्या लायबिलिटीत सूट असते. म्हणून वर्षातून एकदाच जाणाऱ्यांना कॅम्पग्राउंडची भाड्याची कार्ट सोयीची पडते. मात्र त्या कार्टचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हे भाडेकरारात सही करण्यापूर्वी वाचा.

ट्रेलरबद्दलही असाच गैरसमज असतो. ओढणाऱ्या गाडीची लायबिलिटी साधारणतः ट्रेलरमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीला लागू होते. पण ट्रेलरवरची आपली कार्ट घसरून मोडली, तर तिचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

मग कोणती पॉलिसी घ्यावी?

गोल्फ कार्टची स्वतंत्र पॉलिसी मिळते. काही कंपन्या घराच्या पॉलिसीलाच पुरवणी जोडून देतात. दोन्हींचे भाव विचारा. आमचा वर्षाचा हप्ता १४२ डॉलर आला, म्हणजे कुटुंबाच्या दोन वेळच्या बाहेरच्या जेवणाइतका. पॉलिसीत चार गोष्टी बघाव्यात:

१. लायबिलिटी. आमच्या कॅम्पग्राउंडची मागणी ३ लाख डॉलरची होती. तुमची अंब्रेला पॉलिसी असेल, तर तिच्याखाली कार्टची किती रकमेची मूळ पॉलिसी असावी लागते, ते त्या कंपनीला विचारा.

२. मेडिकल पेमेंट्स. चूक कोणाची याचा निकाल लागण्याची वाट न बघता, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, जखमी झालेल्याचा दवाखान्याचा खर्च यातून मिळतो.

३. कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. धडक, चोरी, आग, झाड पडणे यांसाठी. कार्ट अगदी जुनी असेल तर डिडक्टिबल वजा जाता हाती काय उरते, याचा हिशोब करूनच घ्या.

४. कोण चालवणार आणि कुठे. घराबाहेरच्या पाहुण्याने चालवली तर चालते का? परवाना नसलेल्या मुलाने चालवली तर? कॅम्पग्राउंडवरचा वापर स्पष्ट लिहिला आहे का?

कॅम्पग्राउंड तुमच्याकडे दाखला मागते तेव्हा दोन शब्दांतला फरक ध्यानात ठेवा. 'अॅडिशनल इंटरेस्ट' म्हणजे पॉलिसी रद्द झाल्यास त्यांना फक्त कळवले जाते. 'अॅडिशनल इन्शुअर्ड' म्हणजे तुमच्या पॉलिसीचे संरक्षण काही प्रमाणात त्यांनाही मिळते. त्यांना नेमके काय हवे ते आधी विचारून घ्या, म्हणजे फाटकापाशी आमच्यासारखी फजिती होणार नाही. काही ठिकाणी बाहेरच्या कार्टना मुळीच प्रवेश नसतो, काही ठिकाणी पेट्रोलवर चालणारी चालत नाही. तेही ट्रेलर भाड्याने घेण्यापूर्वीच विचारा.

वेग वाढवाल तर नियम बदलतील

साधी गोल्फ कार्ट ताशी १५ मैलांच्या आतबाहेर चालते. ताशी २० मैलांपेक्षा जास्त आणि २५ पर्यंत वेग असलेली चारचाकी ही केंद्र सरकारच्या १९९८ च्या नियमानुसार 'लो-स्पीड व्हेइकल' ठरते. तिला दिवे, आरसे, सीटबेल्ट, व्हीआयएन क्रमांक हे सगळे लागते. तेव्हा हौसेने वेग वाढवून घेतलात आणि विमा कंपनीला कळवले नाहीत, तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येईल.

कॅम्पग्राउंडच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर राज्याचा कायदा लागतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: फ्लोरिडात १ ऑक्टोबर २०२३ पासून सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना असावाच लागतो. साउथ कॅरोलायनात रस्त्यावर कार्ट नेण्यासाठी विम्याचा पुरावा दाखवून परमिट काढावे लागते, आणि चालक किमान १६ वर्षांचा, परवानाधारक असावा लागतो.

आमच्या अंगणातला धडा

आता जे सांगते ते लिहायला जड जाते. दोन वर्षांपूर्वी जुलैत आमचा तेरा वर्षांचा पुतण्या आला होता. मुले मागे लागली, मोठी माणसे भेळ कालवण्यात गुंतलेली, आणि मी "जा, पण हळू चालव" म्हणून किल्ली दिली. कॅम्पग्राउंडचा नियम १६ वर्षांचा आणि परवान्याचा होता. तो मला माहीत होता. उताराच्या वळणावर त्याने डावीकडे चाक फिरवले आणि उजव्या कडेला बसलेली, आमच्या जिवलग स्नेह्यांची आठ वर्षांची मुलगी बाहेर फेकली गेली. हाताची दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रिया झाली.

विमा कंपनीचा पहिला प्रश्न होता, "चालक कोण? वय किती?" आम्ही खरे तेच सांगितले. काही पॉलिसींत परवाना नसलेला चालक वगळलेला असतो. आमच्या पॉलिसीत तसे कलम नव्हते, हे केवळ नशीब; ती घेताना मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मेडिकल पेमेंट्सचे ५,००० डॉलर लगेच मिळाले आणि उरलेले लायबिलिटीतून भागले. कॅम्पग्राउंडने हंगामभर आमचे कार्टचे परमिट रद्द केले, ते योग्यच होते. मुलीचा हात आता बरा आहे. मैत्रीही टिकली, पण पैशांचा प्रश्न दोन घरांमध्ये उभा राहिला असता तर टिकली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा अपघात जगावेगळा नव्हता. २००८ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९९० ते २००६ या काळात अमेरिकेत गोल्फ कार्टमुळे सुमारे १ लाख ४८ हजार दुखापती झाल्या. त्यांतले जवळजवळ एकतृतीयांश जखमी १६ वर्षांखालचे होते, आणि सर्वांत मोठे कारण होते कार्टमधून पडणे किंवा उडी मारणे. बाजूला दार नाही, बहुतेक गाड्यांत सीटबेल्ट नाही, आणि पुष्कळ गाड्यांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना. म्हणून आमचे घरचे नियम आता असे: जितक्या जागा तितकीच माणसे, मांडीवर मूल नाही, पाय आत, वळणापूर्वी वेग कमी, आणि बिअर घेतलेल्याच्या हाती किल्ली नाही.

भारतातून आलेले आई-वडील

ते कार्टमधून पडले तर मेडिकल पेमेंट्स मिळतील असे गृहीत धरू नका. काही पॉलिसींत घरातल्या माणसांना हे संरक्षण नसते, आणि सहा महिने तुमच्याकडे राहणारे सासू-सासरे 'पाहुणे' की 'घरचे', यावर वाद होऊ शकतो. एजंटकडून लेखी उत्तर घ्या. त्यांच्यासाठी व्हिजिटर्स इन्शुरन्स घेताना प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त योजना आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह योजना यांतला फरक समजून घ्या. इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ठरावीक रक्कम फार तोकडी पडते.

निघण्यापूर्वी

कार्टच्या सिरियल नंबरचा फोटो आणि खरेदीची पावती जपून ठेवा. एकाच कंपनीच्या पुष्कळ गाड्यांना एकच किल्ली लागते, तेव्हा रात्री साखळी-कुलूप लावा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत करा, तंबूला किंवा शेगडीला खेटून नको. दाखल्याची एक प्रत कार्टमध्ये आणि एक घरी ठेवा.

प्रत्येकाची पॉलिसी आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या एजंटला फोन करा. गेल्या उन्हाळ्यात आम्हाला परमिट परत मिळाले. सासरे रोज सकाळी कार्टमधून ऐटीत आंघोळीला जातात. किल्ली मात्र आता त्यांच्याच खिशात असते, आणि नातवंडांनी कितीही गळ घातली तरी ती बाहेर निघत नाही.