फी माफ झाली, मेसचं काय?

सप्टेंबरात कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागापुढं तासभर उभं राहिलं, की सगळा जिल्हा भेटून जातो. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, आत दाखल्यांच्या झेरॉक्स. खिडकीपलीकडचे क्लार्क स्क्रीनवरची नजर न काढताच विचारतात, "कशात अडकलंय?"

"सर, सेंड बॅक आलंय."

"उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडलायस. तलाठ्याकडं जा, तहसीलमधून नवीन काढ."

तलाठी गावात, कॉलेज शहरात. म्हणजे एक दिवस बुडाला, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं. रांगेतल्या पुढच्या मुलाचे पैसे मंजूर झालेत, पण खात्यावर दिसत नाहीत. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. त्याचं ते खातं शाळेत असताना गावच्या बँकेत काढलेलं, पासबुकाचा पत्ता नाही. क्लार्क त्याला बँकेत नेमकं काय बोलायचं ते घोकायला लावतात. हे काम त्यांच्या जॉब चार्टमध्ये कुठं लिहिलेलं नसणार. मी पाहिलेल्या शिष्यवृत्ती क्लार्कमध्ये चिडके बरेच होते, पण मुलाला तसंच परत पाठवणारे थोडे.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग समाजकल्याण किंवा उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात. यातल्या कुठल्याही टेबलावरून तो मागं फिरू शकतो. पार पडलाच, तर रक्कम हप्त्यांनी येते. मेसवाल्या मावशींना मात्र पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात.

फीच्या बाबतीत महाराष्ट्र बराच पुढं आलाय, हे मान्य करायला हवं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांमधल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. यामुळं कितीतरी पोरींचं लग्न दोन-चार वर्षं तरी लांबलं असेल, असं मला वाटतं.

पण प्रवेश मिळाला म्हणजे मूल कॉलेजात आलं, असं होत नाही. शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव जवळ आला, की संध्याकाळी एकांकिकेच्या तालमी सुरू होतात. गावाकडची शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. पासात सवलत मिळते, पण त्या पासानं रात्री शहरात राहायची सोय होत नाही. वनस्पतीशास्त्राची सहल आंबोलीला निघते, तेव्हा यादीत चार नावं कमी असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आवड नाही सर." पैसे नाहीत, असं कुणी म्हणत नाही. शिक्षकही मग "ही मुलं जरा मागंमागंच राहतात" असा शेरा मारून मोकळे होतात. दोघांत एक डबा खाणाऱ्या, सकाळी दुधाच्या पिशव्या टाकून पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला लाजाळू म्हणणं सोपं असतं.

प्रवेशाबरोबर राहण्याखाण्याचीही सोय लागते, हे कोल्हापूरला शिकवायची गरज पडू नये. संस्थानच्या काळात राजाराम कॉलेज होतं, पण खेड्यातल्या पोराला शहरात अंग टेकायला जागा नव्हती आणि भाकरी नव्हती. शाहू महाराजांनी नेमकं तेच ओळखलं. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, नामदेव, दैवज्ञ अशी रांगच लागली. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं. दरबारानं जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदानं दिली. जातवार वसतिगृहांवर टीका होते आणि ती सगळीच खोटी नाही. पण त्यामागचा हिशोब पक्का होता. आधी राहण्याखाण्याची सोय, मग पुस्तक.

इथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं आणि शिक्षणाला श्रमाची जोड दिली. शिवाजी विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना त्याच वाटेवरची. दिवसातले काही तास विभागात नाहीतर कार्यालयात काम करायचं आणि त्यावर आपलं शिक्षण चालवायचं. मला या योजनेतली एक गोष्ट विशेष पटते. मूल आवारातच राहतं, त्यामुळं संध्याकाळ त्याच्या हातात उरते. ग्रंथालय, मैदान, तालीम, मित्रांशी वादावादी, कॉलेजचं निम्मं शिक्षण संध्याकाळीच तर होतं. शहरातल्या हॉटेलात रात्रपाळी करणारा मुलगाही कमावतोच, पण त्याची संध्याकाळ विकली गेलेली असते.

शासनाच्या स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यासारख्या योजना याच राहण्याखाण्याच्या खर्चासाठी आहेत. कागदावर त्या नेमक्या आहेत. घोळ होतो तो वेळेचा. जुलैत खोलीची अनामत भरायची असते आणि पैसे पोचतात तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. मधल्या महिन्यांत उसनवारी चालते, नाहीतर गावाकडं दागिना गहाण पडतो. काही जण या मधल्या काळातच कॉलेज सोडून शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागतात. मंजूर झालेली रक्कम मग येते, मूल मात्र वर्गात नसतं.

ही दिरंगाई एका दिवसात संपणार नाही. पण कोल्हापुरात माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरपूर होतात आणि देणगीचे चेकही फाटतात. ते चेक बहुधा बक्षीस समारंभात, फोटोसह, पहिल्या आलेल्याला मिळतात. या वर्षी ते जुलैत द्या, फोटोशिवाय द्या आणि कुणाची मेस थकलीय ते शिष्यवृत्ती क्लार्कना विचारून द्या. त्यांना नावं ठाऊक असतात.